उसनवारीचे रसायन

दिवाळीच्या आधीचा आठवडा. परातीत मैदा चाळून ठेवलेला, शेजारी दूध-साखरेचे मिश्रण निवत ठेवलेले, आणि कढल्यात मोहन तापत असलेले. हे मोहन बहुतेक मध्यमवर्गीय घरांत साजूक तुपाचे नसे. साजूक तूप देवापुढच्या निरांजनाला आणि वरणभातावर. शंकरपाळ्यांच्या मोहनाला आणि चिरोट्यांच्या साट्याला मात्र डालडाच. पिवळ्या डब्यावर हिरवे माडाचे झाड, असा तो डबा. रिकामा झाला तरी घराबाहेर जात नसे. त्यात कधी रवा-बेसन जाई, कधी तळाला भोके पाडून त्यात तुळस लावली जाई, आणि चाळीत तर त्याच्या आणखीही काही उपयोगांची आठवण वडीलधाऱ्यांना असेल. कंपनीने ठेवलेले ते नाव पुढे आपण सामान्यनामच करून टाकले. कोणत्याही कंपनीचे वनस्पती तूप असो, ते डालडा. अस्सल नसलेला माणूसही डालडाच.

त्या डब्यातला पांढरा, रवाळ गोळा मुळात तेल होता, हे आपल्याला ऐकून माहीत असते. शेंगदाण्याचे, सरकीचे वाहते तेल घट्ट कसे झाले, हा प्रश्न मात्र फराळाच्या गडबडीत कोणाला पडत नाही. ते घट्ट झाले निकेल नावाच्या धातूच्या बारीक भुकटीमुळे आणि हायड्रोजन वायूमुळे. निकेलचा हा गुण जगासमोर आणणारा माणूस दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात प्राध्यापक होता. पॉल साबातिए त्याचे नाव. १९१२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा तो अर्धा मानकरी. निकेल हे कसे करते याविषयी त्याने एक मत मांडले होते, आणि त्या मताचा पुरावा हातात नसताना तो आयुष्यभर त्याला धरून राहिला. त्याची ही हकीकत आहे.

साबातिएचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ चा, कार्कासोन या गावचा. हे गाव म्हणजे दुहेरी तटबंदीचा मध्ययुगीन किल्लाच. पडझड झालेल्या त्या तटाच्या डागडुजीचे प्रचंड काम साबातिएच्या जन्माच्या आदल्याच वर्षी सुरू झाले होते. मुलगा हुशार निघाला. १८७४ मध्ये पॅरिसच्या 'एकोल नोर्माल' या नामांकित संस्थेत त्याला प्रवेश मिळाला आणि १८७७ मध्ये तो पदार्थविज्ञानाच्या अध्यापक-परीक्षेत पहिला आला. वर्षभर नीम या गावी शाळेत शिकवून तो पॅरिसला परतला, तो मार्सेलँ बेर्तलो यांचा सहायक म्हणून.

हे बेर्तलो म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रातले बडे प्रस्थ. पुढे ते शिक्षणमंत्री झाले, परराष्ट्रमंत्रीही झाले. प्रयोगशाळेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण अणू ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. जे दिसत नाही त्यावर शास्त्राची इमारत कशाला उभारायची, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या शब्दाला इतके वजन की, फ्रान्समधली कित्येक वर्षांची पाठ्यपुस्तके अणूला वळसा घालून लिहिली गेली. अशा गुरूच्या हाताखाली साबातिएने १८८० मध्ये गंधकाच्या संयुगांवर डॉक्टरेट मिळवली, आणि थोड्याच काळात पॅरिस सोडले. बोर्दोला एक वर्ष, आणि १८८२ पासून तुलूझ. १८८४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो तिथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यानंतर त्याने तुलूझ कधीच सोडले नाही.

त्या काळच्या फ्रान्समध्ये याचा अर्थ काय होता, ते सांगायला हवे. अकादमी पॅरिसमध्ये, मंत्रालय पॅरिसमध्ये, नेमणुका आणि बढत्या पॅरिसमध्ये. प्रांतातल्या विद्यापीठात राहणे म्हणजे पॅरिसच्या बोलावण्याची वाट पाहत दिवस काढणे, असाच समज होता. मुंबई-पुण्याबाहेर राहून लिहिणाऱ्या, गाणाऱ्या माणसांना हे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्या कामाला वळण मिळाले ते इंग्लंडातल्या एका बातमीने. लुडविग माँड या उद्योजक-रसायनज्ञाच्या कारखान्यात निकेलच्या झडपा कशाने तरी खाल्ल्या जात होत्या. शोध घेता घेता १८९० मध्ये असे निघाले, की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निकेलला चिकटतो आणि दोघे मिळून एक उडून जाणारा द्रव बनतो. घन, जड धातू वायूच्या संगतीने वाफ होऊन उडून जातो, ही गोष्ट रसायनज्ञांना चक्रावून टाकणारी होती. साबातिएच्या मनात आले, की धातू एका वायूला असे धरून ठेवीत असेल, तर इतर वायूंनाही का धरू नये?

या शोधात त्याला एक जोडीदार मिळाला. झाँ-बाप्तिस्त सांदरँस हा कॅथलिक धर्मगुरू होता आणि तुलूझच्या कॅथलिक संस्थेत रसायनशास्त्र शिकवीत होता. सरकार आणि चर्च यांच्यात फ्रान्समध्ये तेव्हा उघड वैर चालू होते. १९०५ मध्ये तर कायद्याने दोघांची फारकतच झाली. अशा दिवसांत सरकारी विद्यापीठाचा प्राध्यापक आणि काळ्या झग्यातला पाद्री एकाच टेबलावर काचेच्या नळ्या जोडीत होते. दोघांनी आधी नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर प्रयोग केले, आणि मग ते एथिलीनकडे वळणार होते.

तेवढ्यात, १८९६ मध्ये, पॅरिसहून बातमी आली की म्वासाँ आणि मूरो या दोघांनी ॲसिटिलीन वायू ताज्या निकेलच्या भुकटीवरून नेला आणि भुकटी चक्क रसरसून तापली. म्वासाँ हे फ्ल्युओरीन वेगळा करणारे नामांकित शास्त्रज्ञ. साबातिए पुढे जे करणार होता, त्याच्या उंबरठ्यावर ते उभे होते. त्यांनी त्या प्रकाराचा खुलासा असा केला, की निकेल सच्छिद्र आहे, ते वायू शोषून घेते, त्यातून उष्णता निघते आणि वायूचे तुकडे होतात. सगळा भौतिक मामला. साबातिएने यावर एक सभ्यपणाची गोष्ट केली. म्वासाँ यांचा हे काम पुढे नेण्याचा विचार आहे का, याची त्याने आधी चौकशी केली. तसा विचार नाही हे कळल्यावरच त्याने आणि सांदरँसने आपला प्रयोग मांडला. शास्त्रज्ञांच्या शर्यती आणि भांडणे ऐकून कान किटलेल्या आपल्याला हा शिष्टाचार जरा जुन्या जमान्यातला वाटेल. तो होताच.

१८९७ साली दोघांनी निकेलच्या ऑक्साइडवरून हायड्रोजन नेऊन धातूची ताजी भुकटी केली आणि सुमारे ३०० अंशांना तिच्यावरून एथिलीन सोडले. निकेल रसरसले, कोळशाची काजळी धरली, दुसऱ्या टोकाने वायू बाहेर आला. म्वासाँ यांनी असा बाहेर आलेला वायू बहुतांशी हायड्रोजन असल्याचे मानले होते. साबातिएने तो तपासला, तर त्यात एथेन भरपूर. एथेन म्हणजे एथिलीनमध्ये आणखी दोन हायड्रोजन घातल्यावर जे होते ते. याचा अर्थ, काही एथिलीन मोडले, त्यातून हायड्रोजन सुटला, आणि तो उरलेल्या एथिलीनला जाऊन मिळाला. मग सरळ एथिलीन आणि हायड्रोजन यांचे मिश्रणच निकेलवरून नेले तर? नेले. एथेन तयार झाले, तेही बऱ्याच कमी तापमानाला आणि काजळीशिवाय.

एवढ्यावर थांबले असते तर ते एका टिपणापुरते काम ठरले असते. खरी परीक्षा बेंझीनची होती. बेंझीनच्या सहा कार्बनांचे कडे फार चिवट असते. त्यात हायड्रोजन घालणे बेर्तलो यांच्यासारख्यांनाही नीट साधले नव्हते. साबातिए आणि सांदरँस यांनी १९०१ मध्ये बेंझीनची वाफ आणि हायड्रोजन सुमारे १८० अंशांना निकेलवरून नेली आणि पलीकडे सायक्लोहेक्झेनचे थेंब जमू लागले. ना प्रचंड दाब, ना दाहक आम्ले. एक काचेची नळी, मूठभर भुकटी आणि बेताची आच. आज नायलॉनचा धागा करायला निघणारा कारखानदार याच पायरीपासून सुरुवात करतो. पुढच्याच वर्षी दोघांनी कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मिथेन आणि पाणी केले. ती अभिक्रिया आता साबातिएच्याच नावाने ओळखली जाते.

आता मूळ प्रश्न. निकेल नेमके करते काय? स्वतः न संपता दुसऱ्यांची अभिक्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो. ही कल्पना स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ च्या सुमारास मांडली होती. पण उत्प्रेरक हे कसे करतो, याबद्दल एकमत नव्हते. शाळेत आपल्याला लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचे उदाहरण देतात. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः कोरडा राहतो. अनेक मोठ्या शास्त्रज्ञांचे मत साधारण असेच होते: धातूच्या छिद्रांत वायू दाटीवाटीने कोंबले जातात, जवळ येतात, एकमेकांना भिडतात. धातू म्हणजे केवळ जागा.

साबातिएला हे पटत नव्हते, आणि त्याचा प्रश्न अगदी साधा होता. नुसती छिद्रेच काम करीत असतील, तर सच्छिद्र कोळशाने हे का होत नाही? तांबे एथिलीनला हायड्रोजन देते, पण बेंझीनपुढे हात टेकते. निकेलला दोन्ही जमते. छिद्रांना अशी आवडनिवड कुठून आली? त्याने सांगितले की निकेल हायड्रोजनशी खरोखरच संयोग पावते. पृष्ठभागावर निकेल हायड्राइड नावाचे एक संयुग बनते. ते अस्थिर असते, म्हणूनच कामाचे असते. हायड्रोजन ते लगेच दुसऱ्याला देऊन टाकते आणि निकेल मोकळे होऊन पुन्हा नवा हायड्रोजन घेते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही उसनवारी आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, ती तिसरीच्या चहाला द्यावी, आणि वाटी पुन्हा रिकामी.

त्यातली मेख अशी, की उसना घेतलेला हायड्रोजन निकेलला फार घट्ट धरून ठेवता येत नाही. घट्ट धरला तर तो पुढे जाणार नाही. अगदी सैल धरला तर हाती लागणारच नाही. दोन्हींच्या मधली पकड हवी. रसायनशास्त्रात आज 'साबातिएचे तत्त्व' म्हणतात ते हेच. नवा उत्प्रेरक शोधणारा संशोधक आता संगणकावर आधी हीच पकड मोजतो.

आणि उसनवारी आहे म्हटल्यावर ती उलटही चालली पाहिजे. ती चालते, हे या दोघांनी दाखवून दिले. ज्या निकेलने १८० अंशांना बेंझीनला हायड्रोजन दिला, तेच ३०० अंशांच्या आसपास सायक्लोहेक्झेनकडून तो काढून घेते आणि बेंझीन परत करते. देणारा आणि घेणारा हात एकच. हा मुद्दा लक्षात ठेवावा, डालड्याकडे परत येताना तो लागणार आहे.

उत्प्रेरकाच्या तब्येतीबद्दलही साबातिएने बरेच लिहिले. निकेल फार नाजूक. बेंझीनमध्ये गंधकाचा अंश राहिला, क्लोरीन-ब्रोमीनचा मागमूस राहिला, की भुकटी निकामी होते. माणसाला जसे चिमूटभर विष पुरते, तसे. सारा प्रयोग फसायला एक वाईट बाटली पुरेशी असे. साबातिएच्या दृष्टीने ही अडचणसुद्धा त्याच्याच बाजूची साक्ष होती. नुसती छिद्रे बुजवायला इतके थोडे गंधक कसे पुरेल? गंधक निकेलला घट्ट धरून बसते आणि हायड्रोजनला हात रिकामा मिळत नाही, असे म्हटले की सगळे सुसंगत लागते.

अडचण एकच होती. ते निकेल हायड्राइड कोणी पाहिलेले नव्हते. बाटलीत भरून दाखवता येत नव्हते. विरोधकांना एवढे पुरेसे होते. गंमत अशी, की न दिसणाऱ्या अणूंवर अविश्वास दाखवणाऱ्या बेर्तलोंचा शिष्य आता न दिसणाऱ्या संयुगावर आपली सारी मांडणी उभी करीत होता. आपले मत अपुरे असेल, पण नवे प्रयोग सुचवण्यात त्याने आपल्याला कधी दगा दिला नाही, अशी त्याची भूमिका होती, आणि ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

घरची बाजू मात्र त्याला सोपी गेली नाही. १८९८ मध्ये, म्हणजे कामाला नुकता रंग भरू लागला असताना, त्याची पत्नी वारली. पदरात चार मुली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. तो अबोल, अलिप्त माणूस म्हणूनच ओळखला जाई. चित्रकला आणि बागकाम एवढेच शौक. १९०५ मध्ये तो तुलूझच्या विज्ञान शाखेचा अधिष्ठाता झाला आणि १९२९ पर्यंत त्या पदावर राहिला. रसायन, विद्युत-अभियांत्रिकी आणि शेतकी या विषयांच्या संस्था तुलूझमध्ये उभ्या राहिल्या, त्यांत त्याचा मोठा वाटा होता.

१९०७ साली कसोटीचा क्षण आला. फेब्रुवारीत म्वासाँ गेले, मार्चमध्ये बेर्तलो. पॅरिसमधल्या दोन सर्वोच्च जागा एका महिन्याच्या अंतराने मोकळ्या झाल्या आणि दोन्हींसाठी साबातिएचे नाव पुढे आले. त्याने नकार दिला. याची किंमत होती. विज्ञान अकादमीचा पूर्ण सभासद होण्यासाठी पॅरिसमध्ये राहणे सक्तीचे होते. नोबेल मिळाले, तरी देशातल्या अकादमीचे दार त्याला बंदच होते. शेवटी अकादमीने १९१३ मध्ये पॅरिसबाहेरच्यांसाठी सहा जागा नव्याने निर्माण केल्या आणि त्यांतली पहिली त्याला दिली. नियम बदलला, माणूस हलला नाही.

१९१२ चे नोबेल त्याला आणि व्हिक्टर ग्रिन्यारला विभागून मिळाले. ग्रिन्यारही तेव्हा नान्सीला, म्हणजे प्रांतातच, होता. पॅरिसला हा ठसका लागला असणारच. पण या पारितोषिकाची दुसरी बाजू झाकून ठेवण्यासारखी नाही. सांदरँसला त्यात वाटा मिळाला नाही. एथिलीन, बेंझीन, मिथेन, साऱ्या मुख्य प्रयोगांच्या निबंधांवर दोघांची नावे होती. १९०५ मध्ये फ्रेंच अकादमीने एक पारितोषिक दोघांना मिळून दिलेही होते. स्टॉकहोमने मात्र एकालाच निवडले. मूळ कल्पना आणि सिद्धान्त साबातिएचा, हा त्यामागचा विचार समजू शकतो. तरीही भट्टीसमोर उभा राहिलेला दुसरा माणूस पुस्तकांतून इतका पुसला गेला, हे बरोबर झाले असे म्हणवत नाही. सांदरँसला ते लागलेच. विशेष म्हणजे स्वतः ग्रिन्यारलाही ही वाटणी खटकली होती. आधी साबातिए आणि सांदरँस यांना, आणि नंतर केव्हातरी आपल्या गुरूला व आपल्याला मिळून पारितोषिक मिळाले असते तर अधिक बरे झाले असते, असे त्याने एका परिचिताला कळवले होते. सांदरँस आपले स्वतंत्र संशोधन करीत राहिला आणि १९३७ मध्ये वारला.

पैशाची कथा आणखी वेगळी. साबातिएचे प्रयोग मुख्यतः वाफेवर चालत. तेलाची वाफ करू गेले तर तेल जळते, मोडते. म्हणजे तेलाला ही रीत लागू नाही, असेच कोणालाही वाटावे. जर्मनीतल्या हेरफोर्ड गावच्या विल्हेल्म नोर्मान या रसायनज्ञाने १९०१ मध्ये वाफेचा नाद सोडून निकेलची भुकटी सरळ तेलातच मिसळली आणि खालून हायड्रोजन सोडला. द्रव घट्ट झाला. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतले. इंग्लंडातल्या क्रॉसफील्ड कंपनीने ते विकत घेऊन कारखाना काढला. अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून केलेले 'क्रिस्को' बाजारात आले. व्हेलच्या तेलाचा साबण, मार्गारीन, स्वयंपाकाची चरबी, सगळे या एका युक्तीने स्वस्त झाले.

लीव्हर कंपनीने आपल्याकडे १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती कंपनी काढली आणि मुंबईत शिवडीला कारखाना उभारला. डालडा हे नाव १९३७ चे. हॉलंडहून वनस्पती तूप आणणाऱ्या 'दादा' नावाच्या व्यापारी पेढीच्या नावात लीव्हरचा 'ल' घातला आणि 'डालडा' झाले, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. साजूक तुपाच्या देशात हा पाहुणा सुखाने नांदला नाही. गांधीजींनी त्याला विरोध केला. तुपात भेसळ करायला याच्याइतका सोयीचा पदार्थ नव्हता. म्हणून वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांनी लाल रंग येतो. तुपाचा नमुना लाल झाला की भेसळ उघडी. एवढा विरोध होऊनही डालडा घरोघर गेला, कारण खिशाला परवडत होता आणि शंकरपाळी खुसखुशीत होत होती.

मघाचा मुद्दा आता लागतो. निकेल हायड्रोजन देते आणि परतही घेते. तेलाच्या रेणूत कार्बनांची लांब साखळी असते आणि तिच्यात कुठे कुठे दुहेरी बंध असतात. निसर्गातल्या तेलांत अशा बंधापाशी साखळी वाकलेली असते. म्हणून रेणू एकमेकांत नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. निकेल त्या बंधाला एक हायड्रोजन देते. पण दुसरा देण्याआधी कधी कधी दिलेलाच परत काढून घेते. बंध पुन्हा दुहेरी होतो, मात्र या देवाणघेवाणीत साखळी फिरते आणि वाकलेली होती ती सरळ होते. हीच ती ट्रान्स चरबी. अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तुपात ती भरपूर उरते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना ती घातक असल्याचे १९९० नंतरच्या अभ्यासांतून पक्के झाले. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने मर्यादा खाली आणीत जानेवारी २०२२ पासून ती २ टक्क्यांवर आणली. वनस्पती तूप चांगले लागावे म्हणून हायड्रोजन अर्धवट घालत. पूर्ण घातला तर ट्रान्स उरत नाही, पण मग मेणासारखा दगड होतो. ज्या उसनवारीवर साबातिएने भरवसा ठेवला, तिचाच हा उलटा व्यवहार आपल्या रक्तवाहिन्यांत साठत होता. याचा दोष त्याला देता येत नाही. आपल्या पाककृतींच्या वह्यांत मात्र अजून डालड्याचे माप लिहिलेले आहे, ते एकदा खोडायला हवे.

या माणसाची १९०२ ची मिथेनची युक्ती पुढे अंतराळातही पोचली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१० मध्ये एक साबातिए यंत्रणा बसवण्यात आली. अंतराळवीरांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू तयार करताना उरलेला हायड्रोजन यांपासून ती पाणी मिळवी. पाण्याचा प्रत्येक थेंब पृथ्वीवरून वर न्यावा लागतो तिथे हे पाणी किती मोलाचे, ते सांगायला नको. मंगळावरच्या हवेपासून परतीचे इंधन तिथेच करण्याच्या योजनाही याच अभिक्रियेवर बेतलेल्या आहेत.

स्वतः साबातिए १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच वारला. वय ८६. उत्तर फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, आणि जर्मनीच्या लष्करी गाड्या ज्या कृत्रिम पेट्रोलवर धावत होत्या, त्यातले काही कार्बन मोनॉक्साइडमध्ये हायड्रोजन घालूनच केलेले होते. त्या रीतीचा उगमही त्याच्या आणि सांदरँसच्या नळीत होता. १९६९ मध्ये तुलूझच्या विज्ञान विद्यापीठाला त्याचे नाव दिले गेले.

आणि ते न दिसलेले हायड्राइड? त्याचा पहिला धागा साबातिएच्या हयातीतच हाती आला. १९३१ मध्ये जर्मनीच्या वाल्टर हीबरने लोखंड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे एक संयुग वेगळे काढले. हायड्रोजन थेट धातूला जोडलेला असू शकतो, हे पुढची पंचवीस वर्षे अनेकांना पचत नव्हते. १९५० नंतर ऱ्हेनियमचे, प्लॅटिनमचे हायड्राइड बाटलीत भरता येऊ लागले, तेव्हा कुठे शंका फिटली. १९६५ मध्ये इंग्लंडच्या जेफ्री विल्किन्सनने ऱ्होडियमचा असा रेणू केला, की तो द्रावणात विरघळून हायड्रोजन धरतो आणि एथिलीनसारख्यांना देतो. साबातिएची उसनवारी आता एका एका रेणूत पाहता येऊ लागली.

त्यानंतर रसायनज्ञ एका रेणूत दोन वेगळे धातू बसवू लागले. कारखान्यांना मिश्रणाचा फायदा आधीच ठाऊक होता. निकेलच्या ऑक्साइडात तांब्याचे मिसळले की ते कमी आचेवर धातुरूप होते. अमेरिकेच्या मरे रॅनीने १९२० नंतरच्या दशकात निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू करून त्यातले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवून टाकले आणि मागे उरलेले जाळीदार निकेल तेल घट्ट करायला वापरले. मिश्र-धातूंच्या हायड्राइड रेणूंत गोष्ट आणखी नेमकी असते. एक धातू हायड्रोजनला घट्ट धरणारा, दुसरा सैल. हायड्रोजन दोघांच्या मध्ये पुलासारखा. धातूंची जोडी बदलली की पकड बदलते. साबातिएला जी मधली पकड एका निकेलमध्ये दैवाने सापडली होती, ती इथे जुळवून आणता येते.

निसर्गाने ही जुळणी आपल्या फार आधी केली होती. चिखलात, प्राणवायू नसलेल्या जागी राहणारे काही जीवाणू हायड्रोजनवर जगतात. त्यांच्या एका विकराच्या पोटात निकेलचा एक आणि लोखंडाचा एक अणू शेजारी शेजारी बसलेले असतात. जर्मनीत म्युलहाइम इथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये क्ष-किरणांनी या विकराचे इतके बारीक चित्र घेतले, की हायड्रोजनचे अणूही त्यात उमटले. निकेल आणि लोखंड यांच्या मधोमध एक हायड्रोजन दिसला. बरोबर मध्यभागी नव्हे, किंचित निकेलच्या बाजूला.